ह्यांच्या कोपराचं टेबल

सुनेने नोकरी सोडून घरातच ऑफिस थाटायचं ठरवलं. ती कॉम्प्युटरवर कपडे बेतून देते. कापडाला हात न लावता शिंपीकाम. असो, चालतंय तर चालू दे. खोली मात्र तिला ह्यांचीच हवी होती. जिथे हे जन्मभर उभ्याने कापड बेतत आले आणि जिथून गेल्या साली गेले, ती.

"खुर्ची, कपाट, प्रिंटर तू निवड," मी म्हटलं. "टेबलाचं माप मी देणार."

टेपला मी हात लावत नाही. आमच्याकडे मापं वितीने घेतात, आणि वीत माझी. सुताराला भिंतीवर वीत टाकून खूण करून दिली. टेबल आलं. सून खुर्चीत बसली तर ते तिच्या हनुवटीला.

"आई, यावर काम करू की डोकं टेकून झोपू?"

"आजी, खूण तुमचीच होती," सुतार म्हणाला.

मुलाने उभं राहून टेबलावर कोपर टेकवलं आणि त्याचा चेहरा उतरला. "हे बाबांचं माप आहे."

माझ्या हाताला जे पाठ होतं तेच त्याने मोजलं.

सून उभ्यानेच काम करू लागली. पण संध्याकाळी दिवा डावीकडे ठेवून जायची, तो सकाळी उजवीकडे. ती उजव्या हाताची, तिच्याच हाताची सावली छापून काढलेल्या कागदावर पडायची. हे डावखुरे होते, ह्यांना उजेड उजवीकडूनच लागायचा.

"वायर ओढली जात असेल," मुलगा म्हणाला. वायर म्हणे. बापासारखाच, कळलं नाही की विजेवर ढकलायचं.

शेवटी सून म्हणाली, "आई, ही खोली माझी होणार नसेल तर मी बाहेर गाळा बघते." रागाने बोलली असती तर मी उत्तर दिलं असतं. ती घाबरली होती.

सुताराला बोलावलं. "हिला खुर्चीत बसव, टेपने माप घे आणि टेबलाचे पाय काप."

करवत चालली तसं टेबल थरथरू लागलं. मी वरून तळहात दाबून धरला. ह्यांचा हात शेवटी असाच थरथरायचा.

"सरका आता," मी हळूच म्हटलं. "पोरीला बसू द्या."

सुतार बिचारा सरकला.

त्या संध्याकाळी भांडायचा कंटाळा येऊन सुनेने दिवा उजवीकडेच ठेवला. सकाळी ती दारातच थबकली. दिवा डावीकडे होता.

"आई, तुम्ही हलवलात?"

"हलवला असेल कुणीतरी," मी म्हटलं. "तू बस कामाला."