वाकडी करंगळी

पडदा हटला आणि टाळ्या वाजल्या. गावाचे दोन तुकडे करणारी भिंत जिथे होती, त्या चौकात आता तिचाच एक तुकडा उभा होता आणि त्याला ढकलणारे ब्राँझचे हात. सगळे हात गावातल्या खऱ्या माणसांचे. लोक आपापला हात शोधायला धावले. मी मात्र उजवा हात खिशात घातला.

कारण त्यातला एक हात माझा होता. मी त्याच भिंतीच्या फाटकावरचा पहारेकरी! लोकांचे परवाने तपासणारा, मनात आलं तर परत पाठवणारा. हाताचा साचा द्यायला मला कोण बोलावणार होतं? सगळा घोळ आमच्या लेकीचा. हे हात जिथे ओतले, त्या ओतशाळेत ती साचे बनवते. गावातल्या शिंप्याच्या हाताचा साचा तिच्याकडून फुटला आणि दुसरा घ्यावा तर शिंपी तोवर वारला होता. मी तिचा डबा घेऊन गेलो, तर बाईसाहेब म्हणाल्या, “बाबा, हात द्या जरा.”

“अगं, लोक जोड्यानं मारतील मला.”

“हातावर काय नाव लिहिलेलं असतं? कोणाला कळतंय!”

घाईत माझ्या करंगळीकडे तिचं लक्षच गेलं नाही. फाटक लावताना करंगळी एकदा त्यात सापडली होती, तेव्हापासून वाकडीच आहे. हे माझ्या ध्यानात आलं तेव्हा हात ओतून झाला होता.

आणि आता शिंप्याची बायको काठी टेकत आली. नवऱ्याचा हात कुठला, असं तिनं नेमकं लेकीलाच विचारलं. पांढऱ्याफटक चेहऱ्यानं लेकीनं बोट दाखवलं. तिची नोकरी जाईल ही धास्ती होतीच, पण खरं सांगतो, मला त्या म्हातारीचीच जास्त भीती वाटत होती.

तिनं ती बोटं एकेक करून चाचपली. करंगळीपाशी थांबली.

“हा ह्यांचा नाही,” ती म्हणाली. “हा मी चांगला ओळखते. माझी आई पलीकडे शेवटच्या घटका मोजत होती, तेव्हा ह्याच हातानं माझा परवाना परत करून मला माघारी धाडलं.”

“चूक माझी आहे, आजी,” लेक रडायलाच लागली. “साचा माझ्याकडून फुटला. बाबांना काही बोलू नका.”

म्हातारी वळली. एवढ्या गर्दीत मी तिला बरोबर सापडलो.

“काढा तो हात खिशातून.”

काढला. ती करंगळीकडे बघत राहिली.

“ह्यांचा हात काही परत मिळायचा नाही. हा राहू दे तिथंच,” ती म्हणाली. “इतकी वर्षं अडवलंत ना? आता ढकला.”

ती निघून गेली. लेक म्हणत होती, “बाबा, घरी चला.” माझा उजवा हात आता कुठे ठेवावा, हेच मला कळत नव्हतं.