एलाद्योचा मासातो

एलाद्योच्या घरात त्या मंगळवारी प्यायला पाणी नव्हतं, आणि नदी तर अंगणातून दिसत होती.

पावसाळा सरला की आमची नदी खाली खाली उतरते आणि काठ उघडा पडतो, चिकणमातीचा, साबणासारखा निसरडा. त्या काठावरून रोज सकाळी भरली बादली डोक्यावर घेऊन चढायचं काम पाल्मा रेआल गावात बायकांचं. पुरुषानं बादली उचलली तर पोरंसुद्धा टाळ्या पिटतात. मंगळवारी एलाद्योची बायको देल्मिरा त्याच काठावर घसरली. घोटा सुजून पपईएवढा झाला. हाडवैदूनं पाला बांधला आणि बजावलं, दहा दिवस झुल्यातून पाय खाली टेकवायचा नाही.

"आणि शनिवारची मिंगा?" एलाद्योच्या तोंडून पहिला प्रश्न हाच निघाला. देल्मिरानं तोंड फिरवलं.

त्याचाही जीव टांगणीला लागला होता, हे खोटं नाही. तीन महिने खपून त्यानं रानात सेद्रो झाडाच्या एका खोडातून होडी कोरली होती. ती ओढ्यापर्यंत ओढायला वीसेक गडी हवेत, म्हणून त्यानं मिंगा बोलावली होती. गावानं यायचं, काम करायचं, मजुरी घ्यायची नाही. पण घरधन्यानं मासातो, म्हणजे युकाच्या कंदाचं आंबवलेलं पेय, पाजायचा, पोट भरेस्तोवर. मासातो नाही तर मिंगा नाही! आणि ओढा तर दिवसाला वीतभर आटत होता. हा शनिवार हुकला, तर होडी वर्षभर रानातच वाळवीच्या तोंडी.

तो शेजारच्या निल्दाकडे गेला. ती पाठीशी बाळ बांधून चूल फुंकत होती.

"भाऊ, माझंच पाणी दुपारपर्यंत वर येत नाही. तुझं कधी आणू?"

मग तो सासूकडे वळला. तोमासाआजी दारात बसून वाती वळत होती.

"सासूबाई, तुम्हीच करा ना. तुमच्यासारखा मासातो गावात कुणाचा नव्हता."

"नव्हता खरा. पण युका उकडून कुटायचा, मग चावून चावून परत द्रोणीत टाकायचा, तेव्हा तो आंबतो. चावू कशानं? हिरड्यांनी?" आजीनं तोंड उघडून दाखवलं. "तुझ्या तोंडात बत्तीस आहेत. ते काय नुसते जेवायला दिलेत देवानं?"

"मी? लोक काय म्हणतील?"

"लोक म्हणतील, होडी छान आहे. किंवा म्हणतील, होडी कुठाय? काय ऐकायचं ते तू ठरव."

बुधवारी एलाद्योनं बादली उचलली. केळीच्या बागेआडून, चोरासारखा. पहिल्या खेपेला अर्धं पाणी अंगावर सांडलं. दुसऱ्या खेपेला तो गुडघ्यावर आपटला आणि देवाचं नाव घेऊन उठला. चौदा खेपा झाल्या तेव्हा त्याची मान वळेना. इतकी वर्षं ही बाई एवढं करून वर गुणगुणत कशी होती?

मग युका सोला, उकडा, कुटा. मग चावायला बसला. देल्मिरा झुल्यातून हुकूम सोडत होती.

"अरे, गिळतोस काय? थुंक द्रोणीत! जेवायला नाही बसलास!"

"जबडा निखळला माझा."

"रताळं चाव बरोबर, गोडी येते. आणि तोंड नीट धू आधी, तंबाखूचा वास नको."

ती हसली. मंगळवारपासून पहिल्यांदाच हसली. एलाद्योही हसला आणि त्याला ठसका लागला. संध्याकाळी देल्मिराचा रोजचा मेणबत्तीचा नेम आला. तिला उठता येईना, म्हणून मेरीमातेपुढची मेणबत्तीही त्यानंच लावली. हात दुखत होते, तरी मन कसं हलकं झालं होतं!

गुरुवारही चावण्यातच गेला. शुक्रवारी रांजणात मासातो फसफसू लागला. एलाद्योनं बोट बुडवून चाखला. झकास! तेवढ्यात त्याच्या मनात लाज शिरली.

"उद्या कुणी विचारलं तर सांग, माझ्या बहिणीनं वरच्या गावाहून धाडला."

देल्मिरानं त्याच्याकडे निरखून पाहिलं. मग हळूच म्हणाली, "मी पडले ते सांगताना तुला लाज वाटली नाही. तू माझ्यासाठी उभा राहिलास, ते सांगायची वाटते?"

एलाद्योनं रांजणावर झाकण ठेवलं आणि तो बाहेर निघून गेला.

शनिवारी सकाळी वीस गडी अंगणात जमले, बायकापोरंही आली. तोमासाआजी तुंब्याच्या वाट्या भरभरून फिरवू लागली. निल्दाचा नवरा लिसार्दो म्हणजे गावातला पहिल्या नंबरचा टवाळ. त्यानं एका दमात वाटी रिकामी केली.

"वा! देल्मिराचा पाय मोडला, पण हाताची चव शाबूत आहे!" मग तो बायकोकडे वळला. "बघ, याला म्हणतात मासातो. नाहीतर तुझा! नदीचं पाणी बरं. शीक जरा."

सगळे हसले. निल्दानं बाळ सावरलं आणि मान खाली घातली. तिच्या पायाला गुडघ्यापर्यंत काठाचा चिखल होता, ओला. बुधवारी असाच चिखल एलाद्योच्या पायाला होता. त्याला राहवेना.

"लिसार्दो, तो देल्मिरानं केला नाही. मी केलाय!"

लिसार्दोची वाटी हवेतच राहिली.

"तू? म्हणजे... चावलास पण तूच?"

"दीड दिवस."

"अरे देवा! मी एलाद्योचं उष्टं प्यालो! मुलींनो, याला घागरा शिवा गं कुणीतरी!"

हशा उसळला. दोघांनी वाट्या उपड्या ठेवल्या, एक जण कोयता उचलून निघालासुद्धा. एलाद्योला वाटलं, होडी गेली! पण तो जागचा हलला नाही.

तोमासाआजी मधे आली. तिचा आवाज कधीच चढत नाही, म्हणून सगळे ऐकतात.

"लिसार्दो, पोरवयापासून तू कुणाचं उष्टं पितोस? आईचं, मग बहिणीचं, मग निल्दाचं. तेव्हा ते प्रेमाचं होतं ना? मग पुरुषाच्या तोंडचं आलं की लगेच विटाळ? आणि घागऱ्याची चेष्टा करतोस, तर सांग, घागरा घालणाऱ्या कुणी तुझं काय वाईट केलंय?"

लिसार्दोनं डोकं खाजवलं. "तसं नाही, आजी... पण पाणी कुणी आणलं?"

"मीच," एलाद्यो म्हणाला. "चौदा बादल्या. एकदा आपटलो."

"चौदा!" लिसार्दोनं बायकोकडे पाहिलं. "तुलाही एवढ्याच लागतात?"

निल्दानं प्रथमच मान वर केली. "लग्नाला सहा वर्षं झाली. कधी मोजल्या नाहीत."

काय झालं कोण जाणे, लिसार्दोचा चेहरा एकदम उतरला! तो उगाच वाटीत बघत राहिला. मग त्यानं ती आजीपुढे धरली.

"ओता आजी, काठोकाठ. आणि निल्दा, इकडे ये, बस माझ्या जागेवर. बाळ दे माझ्याकडे. पहिली वाटी तू पी." मग तो निघालेल्या गड्यावर ओरडला, "ए, कुठे चाललास? एका माणसानं दीड दिवस जबडा झिजवलाय, तू एक दोर ओढू शकत नाहीस?"

उपड्या वाट्या सुलट झाल्या!

त्या दिवशी रानात जी आरोळी उठली, ती पोपटांनाही ऐकवेना, थवेच्या थवे उडाले. वेलींचे दोर, खाली ओंडके, आणि वीस गडी. बायकांनीही दोर धरला, कुणी नको म्हटलं नाही. दुपारी होडी ओढ्यात उतरली. पाणी गुडघाभरच होतं, पण तेवढं पुरलं. होडी तरंगली! देल्मिराला एलाद्योनं पाठीवर घेऊन आणलं होतं. ती टाळ्या वाजवत रडत होती आणि हसतही होती.

पुढच्या आठवड्यात लिसार्दोनं आपल्या शेतासाठी मिंगा बोलावली. त्याच्या अंगणात द्रोणीभोवती नवरा-बायको समोरासमोर बसले होते. तो कुंपणावरून ओरडला, "एलाद्यो, रताळं किती घालायचं रे? ही सांगते त्यावर माझा विश्वास नाही!" निल्दानं त्याला रताळंच फेकून मारलं.

बंधूंनो, भगिनींनो, देवानं माणसाला हात दिले, तेव्हा त्यांवर हे बाईचं काम, हे पुरुषाचं काम, असं काही लिहून पाठवलं नव्हतं. ते आपण लिहिलं, म्हणून पुसूही आपणच शकतो. ज्या हातचं आपण रोज खातो-पितो, त्या हातांतलं ओझं अर्धं आपल्या हातात घ्यावं. आणि घेतलंय हे चारचौघांत ताठ मानेनं सांगावं!