दुसऱ्या रांगेतली खुर्ची

"आत्या, रागावू नकोस, पण टेनरला आमच्याकडे नाही ठेवता येणार," शहराच्या दुसऱ्या टोकाहून, सेंगकांगहून भाचा वरद फोनवर सांगत होता. "घरमालक येऊन गेला काल. सरकारी फ्लॅटमध्ये मांजर चालत नाही, तक्रार आली तर घर रिकामं करा म्हणाला. आमची छोटी शिवांगी तर रडलीच."

संजीवनीबाई रागावल्या नाहीत. रागवायला वेळ कुठे होता? साडेपाच वाजले होते, आठला विमानतळाची टॅक्सी येणार होती. बुओना व्हिस्टाच्या प्रयोगशाळेतलं प्रोजेक्ट संपलं, त्याबरोबर इथे राहण्याचा पासही संपला, आणि चौदा वर्षांचा सिंगापूरचा संसार दोन बॅगांत मावला. मावत नव्हता तो एकटा टेनर.

"बघते मी काहीतरी," त्या म्हणाल्या. बघण्यासारखं खरं तर काही उरलं नव्हतं. ओळखीतल्या सगळ्यांना विचारून झालं होतं.

टेनर म्हणजे त्यांचा बोका. ऑपेरातल्या उंच पट्टीच्या गायकासारखा पहाटे गळा काढायचा, म्हणून हे नाव. त्याच्याआधीची अल्टो आणि बास ही दोन मांजरं कधीच गेली. याचीही मूत्रपिंडं थकली होती. विमानाचा प्रवास त्याला सोसायचा नाही, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं.

संजीवनीबाईंना ऑपेराचं वेड कुठून लागलं, हे घरात कुणालाच उमगलं नाही. "आपल्याकडे नाट्यसंगीत काय कमी होतं?" असं आई मरेपर्यंत विचारत राहिली. बाई मात्र वर्षभर रजा साठवायच्या आणि मिलान, व्हेरोना, व्हिएन्ना गाठायच्या. एकट्याच. तिकीट सगळ्यात स्वस्त, उभ्याचं. व्हिएन्नाला उभ्याने ऐकणारे कठड्याला रुमाल बांधून आपली जागा राखतात. बाई ओढणी बांधायच्या. परत येईपर्यंत तिला कुणी हात लावत नसे, याचं त्यांना फार अप्रूप होतं. परतल्यावर कसं गायलं ते सांगायला घरात फक्त मांजरं होती. ती कधी तक्रार करत नसत.

साडेसहाला बाई टेनरला पिशवीत घालून लिफ्टने खाली उतरल्या. जिथून आणला तिथेच सोडायचा, एवढंच आता हातात होतं.

बुकित पंजांगमधल्या त्यांच्या इमारतीखाली मांडव घातला होता. आपल्या पितृपंधरवड्यासारखा चिनी लोकांचाही एक महिना असतो. तेव्हा पितरांसाठी खाली ऑपेरा होतो, आणि पहिली रांग त्यांच्यासाठी रिकामी ठेवतात. नऊ वर्षांपूर्वी बाईंना हे ठाऊक नव्हतं. जन्मभर उभं राहून ऐकणाऱ्या बाईला पहिली रांग मोकळी दिसली, ती खुशाल जाऊन बसली. शेजारच्या फ्लॅटमधल्या गोहबाईंनी दंडाला धरून उठवलं.

"दॅट रो नॉट फॉर यू, लाह!"

बाईंना शरमेने मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्या रिकाम्या खुर्चीवर एक तोकड्या शेपटीचा बोका येऊन बसला. त्याला मात्र कुणी उठवलं नाही. त्याच संध्याकाळी बाईंनी त्याला घरी नेलं.

आज पिशवी उघडताच टेनर पहिल्या रांगेतल्या एका खुर्चीवर चढला आणि अंगाची जुडी करून बसला. बाई मागे, दुसऱ्या रांगेत, गोहबाईंच्या शेजारी बसल्या. मांडीवर त्याची वाटी, औषधाची बाटली आणि डोस लिहिलेला कागद होता. कागद कुणाला द्यायचा, हे त्यांना ठरवताच आलं नव्हतं.

"व्हॉट यू डूइंग?" गोहबाईंनी विचारलं.

बाईंनी सांगितलं. झांजा वाजत होत्या, त्यामुळे दोनदा सांगावं लागलं. दुसऱ्या वेळी त्यांना रडू आलं.

गोहबाईंनी कागद ओढून घेतला आणि चष्मा कपाळावर सरकवून वाचला.

"नाईन इयर्स आय नेक्स्ट डोअर," त्या म्हणाल्या. "यू नेव्हर आस्क मी."

"यू डोन्ट लाइक कॅट्स."

"डोन्ट लाइक. बट आय फीड." वाटी आणि बाटली त्यांनी आपल्या पिशवीत टाकली. "ऑफिसर कम, आय डेफ." नियम याही इमारतीत तोच होता, इतकी वर्षं कुणी तक्रार केली नव्हती एवढंच.

नऊ वर्षांत भिंतीपलीकडे कुणी आहे, हे आपण कधी मोजलंच नाही, याचं संजीवनीबाईंना वाईट वाटलं. त्यांनी गोहबाईंचा हात धरला. गोहबाईंनी तो सोडवून घेतला नाही.

पावणेआठला बाई उठल्या. गाणं रंगात आलं होतं. जन्मात पहिल्यांदाच त्या मध्येच उठत होत्या. सवयीने हात गळ्याकडे गेला. त्यांनी ओढणी काढली आणि खुर्चीच्या पाठीला गाठ मारली. टेनरने मागे वळून पाहिलं नाही.

बॅगा घेऊन त्या खाली आल्या तेव्हा टॅक्सी उभी होती. डिकी बंद होईपर्यंत त्यांनी मांडवाकडे पाहिलं. एक म्हातारा गृहस्थ दुसऱ्या रांगेतल्या त्या खुर्चीवर बसू पाहत होता. गोहबाईंनी रंगमंचावरची नजर न काढता खुर्चीवर हात आडवा ठेवला आणि त्याला पलीकडच्या खुर्चीवर बसायला सांगितलं.