स्लॅबवरचा मासा

"फोडल्याशिवाय बसत नाय ती, बाई," मुकादम सुशांत खालून म्हणाला. "वाटी गोल होती ना. गच्चीवर तुकडा सपाटच लागतो."

मीनाक्षी वेलकर शिडीच्या वरच्या पायरीवर उभी होती. पहारेकऱ्याच्या चौकीची स्लॅब गळत होती, आणि मुंबईत गळकी गच्ची जशी बुजवतात तशीच ती बुजवली होती. खाली सिमेंट, वर चिनी मातीच्या तुकड्यांची फरशी. हजार घरांवर असते तशी. फक्त हे तुकडे फुटक्या कपबशांचे नव्हते. काही शतकांपूर्वी चीनहून जहाजाने आलेली, या किल्ल्यातल्या कुणा अंमलदाराच्या पंगतीला मांडलेली ती भांडी होती. खोदकामात निघाली, आणि तीन वर्षं मीनाक्षीने दात घासायच्या ब्रशने त्यांचा एकेक तुकडा धुतला.

तिने केसातला आकडा काढून एका तुकड्याच्या कडेने खरवडलं. आकडा वाकला, तुकडा हलला नाही.

"निघायचे नाय आता," सुशांत म्हणाला. "घट्ट धरलंय. मी साहेबांना विचारलं हुतं हां. मागची खोली रिकामी कर म्हणाले. मी म्हटलं, त्यातल्या फुटक्या पोत्यांचं काय करू? तर म्हणाले, तूच बघ काय करायचं ते."

सुशांतवर रागावण्यात अर्थ नव्हता. गवंडीकाम करणाऱ्याला चिनी मातीचे तुकडे दिले तर तो ते गच्चीलाच लावणार. पण खोदकामाचे प्रमुख असलेल्या विक्रांत साहेबांना त्या पोत्यांत काय आहे ते पुरतं ठाऊक होतं. येईल त्या पाहुण्याला ते मीनाक्षीची वाटी दाखवत, 'आमच्या खोदकामातली' म्हणून. आणि वाटी पोत्यात नव्हतीच. ती साडीच्या खोक्यात, कापसावर, झाकण लावून ठेवली होती. भाच्याच्या मुंजीला म्हणून मीनाक्षी दोन दिवस गिरगावात काय गेली, तेवढ्यात खोकंही रिकामं झालं.

वाटीवर निळा मासा होता. त्याचा डोळा पहिल्या वर्षी सापडला, पाठ दुसऱ्या वर्षी, पोट बुरुजापाशी. तिने ते डिंकाने जोडत आणलं होतं. शेपटी तेवढी राहिली होती. आयुष्यभर पुरातत्त्व खात्याच्या आवक-जावक टेबलावर बसलेल्या आणि प्रत्येक समारंभात ओवाळायचं ताट धरलेल्या बाईला हे पहिलंच काम असं मिळालं होतं की सुट्टीच्या दिवशीही तिथे जावंसं वाटे. नवरा, मनमोहन, थट्टा करायचा, घरची भांडी घासायला बाई आणि ही सरकारची फुटकी घासते. तीही हसायची.

आता ती शिडी उतरली आणि थेट साहेबांच्या खोलीत गेली.

"ताई, झालं ते झालं," विक्रांत फोनवरून मान वर न करता म्हणाले. "उद्या संग्रहालयाचं उद्घाटन आहे, वाटीच्या त्या काचेच्या पेटीचं बघा. क्रॉफर्ड मार्केटातून एखादी तशीच वाटी मागवू या."

"तशीच?"

"निळा मासा असला की झालं. कोणाला कळणार आहे?"

उचलली जीभ लावली टाळ्याला. मीनाक्षीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "साहेब, घर बदलताना तुमच्या आईचा फोटो हरवला, तर दुसऱ्या कोणाच्या आईचा आणून भिंतीवर लावाल का?"

साहेबांनी आता मान वर केली. "आवाज खाली ठेवा. अहो, फुटकीच होती ती."

"फुटकी होती. मी जोडली होती. तुम्ही परत फोडायला लावलीत."

"मी? मी हातसुद्धा लावला नाही." आणि हे त्यांना खरंच वाटत होतं, हेच तिला सहन होईना. "जा आता. आणि उद्या ताट तुम्हीच धरायचं, नेहमीसारखं."

त्या संध्याकाळी प्रभादेवीच्या घरी मनमोहनने सवयीने थट्टेला तोंड उघडलं, आणि मीनाक्षीने हातातला कप मोरीत आपटला. तुकडे तिने उचलले नाहीत. त्याने उचलले.

उद्घाटनाला सचिव देविका मॅडम आल्या. मीनाक्षीने काठाची साडी नेसली होती, हातात ताट होतं, निरांजन लावलेलं होतं. तिने रीतसर ओवाळलं. मॅडम आत गेल्या, काचेच्या पेटीपाशी थांबल्या. पेटी रिकामी होती. बाजारातून आणलेली वाटी मीनाक्षीने सकाळीच काढून पेटीखाली जमिनीवर ठेवली होती, दुकानाची चिठ्ठी दिसेल अशी.

"इथे ती माशाची वाटी असणार होती ना?" मॅडमनी विचारलं.

विक्रांत पुढे सरसावले. "मॅडम, तिचं जरा संवर्धनाचं काम…"

"वर आहे," मीनाक्षी म्हणाली. "चौकीच्या स्लॅबवर. दाखवते, या."

तिने ताट विक्रांतच्या हातात दिलं. माणसाच्या हातात निरांजनाचं ताट आलं की ते टाकता येत नाही. ते धरून उभे राहिले.

शिडी अजून भिंतीलाच होती. मीनाक्षीने खाली चपला काढल्या, साडी खोचली आणि चढली. सिमेंट मुरावं म्हणून सुशांतने स्लॅबवर पाणी भरून ठेवलं होतं. ती घोट्याएवढ्या पाण्यात उभी राहिली. पाठोपाठ मॅडमचं डोकं वर आलं. खालून विक्रांत म्हणत होते, "ताई, खाली या. मीनाक्षीताई."

पाण्याखाली निळं-पांढरं ऊन हलत होतं. ते सुंदर दिसत होतं, आणि त्याचाही तिला राग आला.

"कुठे आहे?" मॅडमनी विचारलं.

"डोळा तो तिथे, पाइपापाशी," मीनाक्षीने बोट दाखवलं. "पाठ या कोपऱ्यात. पोटाचे चार ठिकाणी तुकडे आहेत." ती वाकली आणि पाण्यात हात घालून एका तुकड्यावरचा सिमेंटचा पातळ थर अंगठ्याने चोळून काढू लागली. "शेपटी आम्हाला सापडलीच नव्हती. बाकीचा मासा परवापर्यंत अख्खा होता."