गुणाबाईचा बिनडायलचा फोन

पनवेलच्या कोळीवाड्यातल्या धक्क्याला बंदर म्हणायचं की नाही, यावर गावात एकमत नव्हतं. जुनी माणसं सांगत की एके काळी इथं मोठी गलबतं लागायची, मीठ-तांदूळ भरून कुठल्या कुठं जायची. त्यातलं खरं किती नि तिखटमीठ किती, हे विचारायला गलबतं शिल्लक नव्हती. खाडी गाळानं भरत गेली आणि उरल्या पंचवीस-तीस मशीनच्या होड्या. भरतीबरोबर त्या मासळी घेऊन येत, ओहोटी लागली की तिच्याबरोबर निघून जात. मधल्या वेळात पाणी असं नसायचंच. अख्खं बंदर चिखलात बसून बिड्या ओढी.

गुणाबाईचं घर या धक्क्याला चिकटून होतं. चुलीपुढं बसलं की खिडकीतून होड्या, टोपल्या, बर्फाचा टेंपो, सगळं दिसे. म्हातारी साठीची. नवरा गेल्यापासून होडी मुलगा चालवी, मासळी सून हौसा विके, आणि गुणाबाई सगळ्यांवर नजर ठेवी. कोण आला, कोण गेला, कोणाची सून कोणाशी बोलली. हे काम तिला कोणी सांगितलेलं नव्हतं, पण तिनं ते एक दिवस चुकवलं नव्हतं.

त्र्याण्णव सालच्या मार्चात मुंबईत स्फोट झाले. माल किनाऱ्यावर उतरला होता असं पुढं आलं, आणि सरकारला एकाएकी आठवलं की आपल्याला समुद्रही आहे. पावसाळा संपल्यावर एक जीप कोळीवाड्यात आली. कुठल्या खात्याची, हे सोसायटीचा चेअरमन धर्मराज याला तीनदा सांगूनही त्याच्या लक्षात राहिलं नाही. फोन बसवायचा आहे, एवढं मात्र लगेच राहिलं. सरकारनं घेतलेल्या जमिनीच्या पैशातून त्यानं नुकतंच तीन मजली घर बांधलं होतं, आणि त्यात फोन सोडून सगळं होतं.

पण त्या घराच्या गॅलऱ्या रस्त्याकडे तोंड करून. धक्का दिसायचा तो फक्त संडासाच्या झरोक्यातून. जीपमधला अधिकारी तिथं उभा राहून पाहून आला आणि म्हणाला, "इथं बसून कोण नजर ठेवणार?" मग तो गुणाबाईच्या चुलीपाशी बसला, खिडकीतून पाहिलं, कोळंबीचं कालवण खाल्लं आणि फोन तिथल्याच भिंतीवर बसवला.

फोन काळा, जड, आणि त्याला डायलच नव्हता. उचलला की थेट खात्याच्या कंट्रोल रूममध्ये घंटा वाजे. दुसरीकडे कुठंही लागत नसे. "नाय तोंड, नाय आकडे," धर्मराज म्हणाला. "ह्यापरीस शंख बरा." पण आठवडाभर तो गुणाबाईशी बोलला नाही.

सोबत एक छापील कागद होता, तो हौसानं वाचून दाखवला. पाच गोष्टी दिसल्या तर ताबडतोब कळवायचं: अनोळखी बोट, अनोळखी माणसं, पेट्या किंवा खोकी, नाव-नंबर झाकलेला, आणि कोणी फोटो काढत असेल तर.

तिसऱ्या दिवशी गुणाबाईनं पहिला फोन उचलला. बर्फाच्या टेंपोवर बदली ड्रायव्हर आला होता. जीप आली आणि त्या बिचाऱ्याचा निम्मा बर्फ चौकशीत वितळला. नंतरच्या आठवड्यात तिपाईवर दुर्बीण लावून जमीन मोजणारा एक सर्व्हेअर तिनं पकडून दिला. तो दोन तास जीपमध्ये बसून होता. त्यावर मात्र सगळा कोळीवाडा खूश झाला, आणि धर्मराजही बोलायला लागला.

पलीकडे फोन घेणारा पोरगा होता सत्यजीत. पुण्याचा, चोवीस वर्षांचा, नवीनच लागलेला. बंदर त्यानं जन्मात पाहिलं नव्हतं. सुरुवातीला तो फार कडक बोले.

"मावशी, हा तातडीचा फोन आहे. गप्पांसाठी नाही."

"मंग तातडीनं सांग. जेवलास काय?"

"जेवलो."

"काय व्हतं?"

"वांगी."

"कालबी वांगीच व्हती. तुमच्या खानावळवाल्याला पयला पकडा."

महिन्याभरात तो निवळला. रोज दिवसाच्या भरतीला गुणाबाई फोन उचली आणि "काय नाय, सगला ठीक हाय" असं कळवी. कागदावर असं कुठं म्हटलेलं नव्हतं, पण काही घडलं नाही हे कोणाला तरी सांगायला हवंच ना. पाणी पार ओसरल्यावर होड्या का निघत नाहीत, जवळा कुठं वाळवतात, निवटी मासा चिखलात उडी कशी मारतो, हे सगळं तो विचारून घेई. पुढं पुढं मागून मशीनची फटफट ऐकून तो सांगे, "ही बळीरामकाकांची होडी ना?" तेव्हा गुणाबाईला आपण कोणाला तरी वळण लावल्यासारखं वाटे.

थंडी सुरू झाल्यावर दर रविवारी एक पांढरी लाँच यायला लागली. त्या खात्याचेच मोठे साहेब आणि त्यांचे पाहुणे. भरतीच्या ऐन माथ्यावर लाँच धक्क्याच्या पायऱ्यांनाच बांधत, त्यामुळे होड्या मासळी घेऊन उन्हात खोळंबून राहत. साहेब त्याला 'पाहणी' म्हणत. पाहणीत हौसाच्या टोपलीतली सगळ्यात मोठी पापलेटं जात. धर्मराज स्वतः निवडून देई आणि वर "साहेबांची मेहरबानी" म्हणे. पैशाचं कोणी बोलत नसे. तिसऱ्या रविवारी हौसा बोलली. साहेब हसले, पाहुण्याला म्हणाले, "तिखट आहे," आणि पाहुण्यानं तिचा फोटो काढला.

हौसा घरात आली ती पोळपाट आपटत बसली. गुणाबाईनं काही विचारलं नाही. खिडकीतून तिनं सगळं पाहिलं होतं, आणि तिला राग आला की ती गप्प होत असे. हे गावाला माहीत होतं आणि गाव तेव्हा तिच्यापासून लांब राही.

चौथ्या रविवारी लाँच पुन्हा आली. गुणाबाई म्हणाली, "हौसा, त्यो कागद वाच."

हौसानं वाचला. बाहेर अर्ध्या चड्डीतली आठ माणसं होती. लाँचवरून बाटल्यांची खोकी उतरत होती. नाव लिहिलं होतं त्या जागी पाहुण्यांचे टॉवेल वाळत घातले होते. एक जण फोटो काढत होता. गुणाबाईनं बोटांवर मोजलं. पाचही बोटं दुमडली.

"लाँचचं नाव काय, मावशी?" सत्यजीतनं विचारलं.

"टावेलाखाली हाय."

"माणसं ओळखीची नाहीत ना? नक्की?"

"वलख कोनी करून दिली नाय."

पलीकडे कागदावर पेन खरखरल्याचा आवाज आला. मग सत्यजीत म्हणाला, "नोंद केली. नियमाप्रमाणे पोलिसांना कळवतो."

पोलीस आले तोवर तीन तास उलटले होते. लाँचवर पापलेटं तळली जात होती आणि खालून पाणी निघून गेलं होतं. ओहोटीला हुद्दा कळत नाही. लाँच चिखलात कलंडून बसली होती.

"मी कोण आहे माहीत आहे का?" साहेब ओरडले.

"तेच विचारायला आलोय," फौजदार म्हणाला.

ओळखपत्र पँटमध्ये होतं, आणि पँट गाडीत, गाडी उरणला. आठही जणांना बर्फाच्या रिकाम्या खोक्यांवर ओळीनं बसवलं. बायका टोपल्या घेऊन समोर बसल्या आणि निवांत पाहत राहिल्या. धर्मराज आला, त्यानं लांबूनच अंदाज घेतला आणि आल्या पावली परतला. शेवटी फौजदार म्हणाला, "तुमच्या ऑफिसला फोन करा," आणि फोन एकाच घरात होता.

साहेब गुणाबाईच्या चुलीपाशी ओणवे उभे राहिले. गुडघ्यापर्यंत चिखल. त्यांनी फोन उचलला आणि स्वतःचं नाव सांगितलं. सत्यजीतनं नम्रपणे वडिलांचं नाव विचारलं. मग हुद्दा, मग जन्मतारीख.

"तुला आवाज ओळखू येत नाही?"

"येतो ना साहेब. पण नियमाप्रमाणे तिथल्या माणसानं खात्री द्यावी लागते. फोन मावशींना द्या."

गुणाबाईनं हात पदराला पुसले, फोन घेतला आणि साहेबांना वरपासून खालपर्यंत पाहिलं. फौजदार दारात उभा होता. हौसा चुलीपाशी.

"चार रविवार बगतंय मी ह्या मानसाला," ती म्हणाली. "मासली घेतं, पैसं देत नाय. सायबच असल."

फौजदारानं तोंड फिरवलं. रात्रीच्या भरतीपर्यंत थांबायला लागू नये म्हणून साहेबांनी मुकाट्यानं रिक्षा मागवल्या. जाताना हौसानं चारही रविवारांचा हिशोब तोंडी सांगितला. फौजदार पाहत असल्यामुळं पाहुण्यांनी वर्गणी काढून तो चुकता केला.

साहेब पुन्हा आले नाहीत. सगळं नोंदवहीत फौजदाराच्या सहीसकट लागलेलं होतं, त्यामुळं उघडपणे कोणाला काही करता येईना. पण महिन्याभरात दोन माणसं 'दुरुस्तीसाठी' फोन घेऊन गेली, आणि सत्यजीतची बदली पळस्प्याच्या नाक्यावर ट्रकांची कागदपत्रं तपासायला झाली.

गुणाबाईला बदलीचं कळायला मार्ग नव्हता. भरती आली की तिचा हात भिंतीकडे जाई. तिथं आता फक्त दोन खिळे होते. हौसा ते पाही आणि चहा पुढं सरकवी.

होळीच्या आधी एक दिवस धक्क्यावर स्कूटर थांबली. चष्म्याचा एक बुटका पोरगा उतरला आणि होड्यांकडे बघत उभा राहिला. तेवढ्यात खाडीच्या वळणावर फटफट ऐकू आली. "बळीरामकाका," तो स्वतःशीच म्हणाला.

गुणाबाई खिडकीतून उठून दारात आली. तिनं त्याला नीट न्याहाळलं.

"आवाजावरून उंच वाटला व्हतास."

तो लाजला. आत आला, चुलीपाशी बसला. तो खिडकीतून बाहेर पाहत राहिला, ती चुलीत लाकडं सारत राहिली. मग गुणाबाईनं त्याच्याकडे पाठ केली, ताटात भात वाढायला घेतला आणि विचारलं, "जेवलास काय?"

"नाही," सत्यजीत म्हणाला.