डावा पीळ

“पापा, आधी दोन घोट घ्या. जळकी गाडी काय पळून जातेय का?” चेअरमन एंग्वाउ म्हणाला आणि मडक्यात सोडलेली एक लांब नळी त्याने ओकालेबोच्या हातात दिली.

ओकालेबोने दोन घोट घेतले. रविवारची प्रार्थना आटोपून अपेडुरूच्या स्टँडवरचे सगळे बोडावाले, म्हणजे मोटारसायकलवर भाडी मारणारे, चिंचेखाली जमले होते. मधोमध नाचणीच्या बिअरचं मडकं, त्याच्याभोवती लाकडी स्टुलं, आणि जरा बाजूला एजोकूची मोटारसायकल, म्हणजे तिचं जे काय उरलं होतं ते. टाकी काळी पडली होती. सीटच्या जागी नुसता पत्रा होता. शेजारी एजोकू उभा होता. दोन्ही हातांना पंजापासून कोपरापर्यंत पट्ट्या, अंगात स्टँडचं पिवळं जाकीट, पाठीवर सतरा नंबर. त्याला कोणी नळी दिली नव्हती. ज्याचा निवाडा व्हायचा त्याने निवाडा होईस्तोवर मडक्याला तोंड लावायचं नाही, असा या स्टँडचा नियम होता.

नियम आणखीही एक होता, आणि आजची सभा त्याच्यासाठीच होती. गाडी नशिबाने गेली तर सगळा स्टँड मिळून सभासदाला दुसरी जुनी गाडी उभी करून द्यायचा. स्वतःच्या हाताने गेली तर मात्र जाकीट काढून ठेवायचं आणि घरी जायचं. एजोकूची गाडी आपोआप गेली की त्याच्या हाताने गेली, हे सांगायला ओकालेबोला बोलावलं होतं. गाडीच्या वायरिंगमध्ये पार सोरोती शहरापर्यंत त्याच्यासारखा दुसरा माणूस नव्हता.

“याने फ्यूजमध्ये चांदी कोंबली असणार,” इकारा म्हणाला. सभेत सगळ्यांच्या आधी बोलायचं, हे इकाराचं स्वतःहून घेतलेलं काम होतं. “सिगारेटच्या पाकिटातली. पापा, तुम्ही नुसतं झाकण उघडा, आतून पाकीटच निघेल बघा.”

“मी काही कोंबलं नाही,” एजोकू म्हणाला.

“मग काय उंदराने कोंबलं?”

लोक हसले. एजोकूने एकवार ओकालेबोकडे पाहिलं आणि मान खाली घातली.

ओकालेबो गुडघे टेकून गाडीशी बसला. अपेडुरूला वीज अजून आलेली नाही, त्यामुळे इथे मोटारसायकलीचं काम माणसं वाहण्यावर भागत नाही. तिच्यावर फोनही चार्ज होतात. एजोकू रोज सकाळी वाड्यावस्त्यांवरचे फोन गोळा करायचा, टाकीवर बांधलेल्या पिशवीत ठेवायचा, दिवसभर भाडी मारता मारता चार्ज करायचा आणि संध्याकाळी घरोघर पोचवायचा. त्यासाठी लागणारे सॉकेट गावातल्या जवळजवळ सगळ्या गाड्यांवर ओकालेबोनेच बसवले होते. सोरोतीतली पोरं हेडलाइटच्या वायरीला टोचा मारून दहा मिनिटांत सॉकेट लावून देत. ओकालेबो अर्धा दिवस घेई आणि वर तोंडाचा पट्टा चालू ठेवी. वायर थेट बॅटरीवरून, आणि बॅटरीपासून वीतभराच्या आत फ्यूज. मधे रिले, म्हणजे चावी काढली की सॉकेट मेलं पाहिजे. हँडल वळतं तिथे वायर ढिली, टाकीखाली दाबायची नाही. एका वेळी दोन फोन, तिसरा नाही, कारण या गाड्यांची वीज असते ती केवढीशी. सॉकेटला रबराचं झाकण, पावसासाठी. कोणाच्या फ्यूजमध्ये चांदी सापडली तर तो भर बाजारात त्याच्या आईबापापर्यंत जायचा. बावीस वर्षं हेच चाललं होतं. पोरं त्याला पापा फ्यूज म्हणत, पाठीमागे आणि तोंडावरही.

दोष लगेच सापडला. फोनच्या पिशवीची दोरी वायरीवर आली होती, घासून घासून वरचं आवरण गेलं होतं आणि तांबं टाकीच्या पत्र्याला टेकलं होतं. असं होतं कधीकधी. अशा वेळी फ्यूज उडतो, सॉकेट बंद पडतं, आणि दुसऱ्या दिवशी माणूस ओकालेबोच्या शिव्या खायला येतो. आग लागत नाही. फ्यूजचं काम तेवढंच.

त्याने वितळलेलं प्लॅस्टिक नखाने खरवडलं. आतून फ्यूजचे दोन पाय निघाले, आणि दोन्ही पायांना गुंडाळलेल्या तांब्याच्या तीन तारा.

त्याने त्या उजेडात धरून निरखून पाहिल्या. पीळ डावीकडे होता. ओकालेबो डावखुरा होता. या स्टँडवर दुसरं कोणी डावखुरं नव्हतं, आणि असतं तरी टोकं अशी आत दुमडून कोणी कापली नसती.

त्याला सगळं आठवलं. दीड महिन्यापूर्वी एजोकूचा फ्यूज उडाला होता, पाच फोन लावल्यामुळे. शिव्या देऊन झाल्यावर ओकालेबोने डबा उघडला, तर त्यात एकही फ्यूज नव्हता. म्बालेहून माल यायचा होता. एजोकूकडे वीस घरांचे फोन पडून होते. तेव्हा ओकालेबोने जन्मात केलं नव्हतं ते केलं. मेलेल्या फ्यूजला तीन तारा गुंडाळल्या आणि म्हणाला, “गुरुवारी ये. गुरुवारपर्यंतच हं.” गुरुवारी एजोकू आला होता. त्या दिवशी ओकालेबोपुढे जिल्हा कचेरीची गाडी होती, साहेब खुर्ची टाकून बसला होता, म्हणून त्याने एजोकूला हातानेच परतवलं. शनिवारी तो पुन्हा आला, तेव्हाही काहीतरी होतंच. मग ओकालेबो विसरला.

“काय पापा? चांदी ना?” इकाराने विचारलं.

“जेवून येतो,” ओकालेबो उठत म्हणाला. “आल्यावर सांगतो.”

त्या तारा त्याने खिशात टाकल्या.

घरी त्याच्या बायकोने, अमुगेने, नाचणीचा गोळा आणि शेंगदाण्याच्या कुटातली चवळीची पानं वाढून ठेवली होती. ओकालेबोने गोळ्याला बोट लावलं आणि तिथेच थांबला. अमुगेने त्याच्या ताटात पाहिलं.

“काय, कालवण बिघडलंय?”

त्याने तारा काढून तिच्यासमोर ठेवल्या आणि काय झालं ते सांगितलं. अमुगेने त्या हातात घेतल्या नाहीत.

“आणखी कोणाला कळलंय?”

“एजोकूला.”

“मग तो बोलला का नाही?”

“बोलून काय? पापा फ्यूजने तार घातली म्हटलं असतं तर हसून हसून मेली असती माणसं. त्यात आणखी खोटारडा ठरला असता.”

अमुगे उठून चुलीतलं लाकूड मागे ओढायला गेली. तिला हे अजिबात आवडलं नव्हतं, आणि तसं ती बोललीही. “तो पंचवीस वर्षांचा आहे. गाडी गेली तर दुसरी करेल, नाहीतर बापाच्या शेतात जाईल. तुम्ही सत्तावन्नचे. उद्या कोणी तुमच्याकडे गाडी आणली नाही तर तुम्ही काय करणार, सांगा मला? बावीस वर्षांत एकदा झालं. एकदाच ना?”

“एकदाच.”

“मग जेवा.”

तो दोन घास जेवला. तिचं काही चुकत होतं असं त्याला वाटलं नाही, आणि हीच पंचाईत होती. परत जाताना वाटेत त्याने ठरवलं, की खोटं बोलायचं नाही, पण विचारतील तेवढंच सांगायचं.

मडक्यातली बिअर उतरल्यावर तिच्यात आता गरम पाणी दुसऱ्यांदा ओतलं होतं, त्यामुळे सभा जरा सैल झाली होती. चेअरमनने टाळी वाजवून सगळ्यांना गप्प केलं.

“बोला पापा.”

“फ्यूज नव्हता,” ओकालेबो म्हणाला. “तार होती. तांब्याची.”

“बघा!” इकारा ओरडला. “मी काय म्हणत होतो? चांदी नाही तर तार. एकाच आईची लेकरं!”

“फ्यूज असता तर आग लागली असती का?” चेअरमनने विचारलं.

“नसती लागली.”

विचारलं होतं ते एवढंच. तार कोणी घातली, हे विचारायचं कोणाच्या डोक्यात आलं नाही. चेअरमनने सुस्कारा सोडला. एजोकू त्याच्या बहिणीच्या नात्यातला होता, त्याला हे जड जात होतं, पण नियम त्यानेच केलेला होता. “एजोकू, स्वतःच्या हाताने गेली रे तुझी गाडी. स्टँडला काही करता येणार नाही. जाकीट ठेव.”

एजोकूने वाद घातला नाही. त्याने जाकिटाच्या बकलाला हात लावला. पट्ट्यांतून फक्त बोटांची टोकं बाहेर होती. ती बकलावरून घसरत राहिली. तीनदा त्याने प्रयत्न केला. कोणी हसलं नाही, कोणी पुढेही झालं नाही. मग जो सगळ्यात जवळ उभा होता त्याच्याकडे तो वळला.

“पापा, जरा काढता का?”

आवाजात टोमणा नव्हता. ओकालेबोला तो टोमणा असता तर बरं वाटलं असतं. तो वाकला, डाव्या हाताने बकल धरलं आणि दाबलं. ते सुटलं. एजोकूच्या पट्ट्यांना जळलेल्या कातड्याचा आणि औषधाचा वास येत होता. फोनची पिशवी ओढून काढताना त्याचे हात भाजले होते, हे ओकालेबोने ऐकलं होतं. वीस घरांचे फोन वाचले होते.

“एंग्वाउ,” ओकालेबो वाकलेल्या अवस्थेतच म्हणाला, “ती तार माझी आहे.”

“म्हणजे? तुमच्या दुकानातली?”

“माझ्या हातची. मी घातली. माझ्याकडे फ्यूज नव्हता. हा दोनदा बदलून घ्यायला आला आणि मी दोन्हीदा हाकलला.”

इकाराने तोंडातली नळी काढली. “पापा, पोराची दया येतेय ना तुम्हाला? येते हो, आम्हालाही येते, पण म्हणून असं…”

“गप रे!” ओकालेबो इतक्या जोरात ओरडला की इकारा खरोखरच गप्प झाला. ओकालेबोने खिशातून तारा काढल्या आणि चेअरमनच्या हातावर ठेवल्या. “पीळ बघ. आता तू एक पीळ घालून दाखव. कोणीही घाला.”

चेअरमनने खरंच एक तार मागवली आणि पीळ घातला. मग आणखी तिघांनी घातला. चारही पीळ उजवीकडे गेले. सगळे ते पुन्हा पुन्हा पाहत राहिले, जणू पाचवा तरी वेगळा निघेल. ओकालेबोला लाज वाटली. ती इतकी वाटली की कानात गरम झालं, आणि त्याबरोबर दीड तासात पहिल्यांदा त्याला नीट श्वास घेता आला.

चेअरमनने मडक्यातली ओकालेबोची नळी काढली, झटकली आणि ती एजोकूच्या पट्टीच्या हातात अडकवून दिली. तेवढ्यानेच निवाडा झाला. पुढचं त्याने तोंडाने सांगितलं. एजोकूचा सतरा नंबर राहील. ईस्टरपर्यंत या स्टँडची एकही गाडी ओकालेबोकडे जाणार नाही. जुनी गाडी बघायला दोघे जण सोरोतीला जातील.

“कशाला जाता?” ओकालेबो म्हणाला. “माझी आहे की.”

“पापा, एवढं काही नको,” एजोकू प्रथमच मान वर करून बोलला.

“नको काय? तू पायी फोन वाटणार का घरोघर? हात बरे झाले की घेऊन जा.”

तीन आठवड्यांनी हात बरे झाले. एजोकू सकाळी आला, आणि त्याच्याबरोबर चेअरमन, इकारा आणि स्टँडवरचे आणखी पाचसहा जण आले. ते कशाला आले हे ओकालेबोला न सांगता कळलं. एरवी दुरुस्तीच्या गाड्या उभ्या असायच्या ती त्याच्या खोपटासमोरची जमीन तीन आठवड्यांत झाडून झाडून स्वच्छ झाली होती. तेलाचा एक डाग नव्हता. अमुगे दारातून बाहेर आली नाही.

गाडी जुनी होती पण धुऊन पुसून उभी केलेली होती. हँडलला सॉकेट होतं, रबरी झाकणाचं. ओकालेबोने चावी दिली.

“ब्रेक जरा उशिरा धरतो. उतारावर आधीपासून दाब.”

“बरं, पापा.”

एजोकू सीटवर बसायला पाय उचलणार, तेवढ्यात थांबला. त्याने मागे उभ्या असलेल्यांकडे पाहिलं, मग ओकालेबोकडे. त्याच्या हातांवर नवं गुलाबी कातडं आलं होतं.

“पापा, राग मानू नका. एकदा उघडून बघतो.”

“बघ,” ओकालेबो म्हणाला. “बघायलाच पाहिजे.”

एजोकूने सीटचा खटका ओढला. सीटची बिजागरी ढिली होती, ती वर टिकत नव्हती, सारखी खाली यायची. तेव्हा ओकालेबो पुढे झाला आणि दोन्ही हातांनी सीट वर धरून उभा राहिला. एजोकू वाकला, फ्यूज ओढून काढला आणि सूर्याकडे धरून बराच वेळ पाहत राहिला. त्याचं बघून झाल्यावर चेअरमनने तो मागून घेतला, मग इकाराने. ओकालेबो सीट धरून उभाच होता.