न रुजलेली लस

कोरोनाच्या लशीचे दोन्ही डोस झाले तेव्हा चष्मेवाल्याला वाटलं, सुटलो. रक्ताच्या कॅन्सरचे उपचार संपले होते, डोक्यावर केस पुन्हा उगवू लागले होते. आता दुकानाच्या काउंटरमागे उभं राहायचं तेवढं उरलं होतं. पण डॉक्टरीणबाईंनी आधी रक्त तपासायला सांगितलं. रिपोर्ट आला: अँटीबॉडी नाहीत. थोड्याही नाहीत.

"मग दोन वेळा टोचलं ते गेलं कुठं? पाणी भरलं होतं का त्यात?" तो फोनवर जवळजवळ ओरडलाच.

"लस चांगलीच होती," बाई शांतपणे म्हणाल्या. "कॅन्सरच्या पेशी मारायला दिलेल्या औषधानं अँटीबॉडी बनवणाऱ्या चांगल्या पेशीही मारल्या. लशीनं हाक मारली, पण ओ द्यायला घरात कुणी नव्हतं. दुसऱ्या प्रकारच्या पेशींनी थोडंफार ऐकलं असेल, ते या तपासणीत कळत नाही. त्या पेशी पुन्हा तयार होऊ लागल्या की तिसरा डोस देऊ. तोवर घरच्यांनी आणि दुकानातल्यांनी लस घेतलेली हवी."

त्या दिवसापासून त्याचा पाय घरात ठरेना. खिडकीशी जायचा, परत यायचा. घरातल्या सगळ्या चष्म्यांचे स्क्रू त्यानं आवळले, मग सैल केले, पुन्हा आवळले.

"अहो, बसा की जरा. माझा चष्मा आता कानावर टेकत नाही," बायको म्हणाली.

"तुला थट्टा सुचतेय!"

"मग काय करू? रडू?"

त्यानं मास्क चढवला आणि तडक दुकानाकडे निघाला.

काचेच्या दारातूनच त्याला धाकटा भाऊ दिसला. मास्क हनुवटीवर ओढलेला, आणि गिऱ्हाइकाच्या नाकाला नाक लावून तो डोळ्यांमधलं अंतर मोजत होता. गिऱ्हाईक गेल्यावर चष्मेवाल्यानं दाराबाहेरूनच विचारलं, "लस घेतलीस?"

भाऊ घुटमळला. "घेणारच होतो रे दादा."

"म्हणजे नाही घेतलीस."

"सुई बघितली की मला घेरी येते, तुला माहितीये. आणि खरं सांगू? तू घेऊन तुला काय मिळालं? शून्यच ना? मग मी कशाला घेऊ?"

चष्मेवाल्याच्या मस्तकात तिडीक गेली. तोंडाशी आलेली शिवी त्यानं गिळली. भाऊ मुद्दाम दुखवत नव्हता, त्याला खरंच कळलं नव्हतं.

"माझ्यात नाही रुजली," तो म्हणाला, "म्हणून तर तू घ्यायचीस. तुझ्यात रुजेल. तुला कोरोना होण्याचा धोका कमी, म्हणजे तुझ्याकडून मला व्हायचाही. मला आता तुमचाच आडोसा आहे रे."

भावानं मान खाली घातली आणि मास्क नाकावर ओढला.

दुसऱ्याच दिवशी बायकोनं दिराला लसीकरण केंद्रावर नेलं. सुई टोचण्याआधीच स्वारी खुर्चीत आडवी झाली! शुद्धीवर आल्यावर त्यानं आडव्यानंच लस घेतली आणि पहिला फोन दादाला केला, "घेतली बरं का. आता नर्सबाई मला सरबत पाजतायत." चष्मेवाला कित्येक दिवसांनी पोट धरून हसला.

पुढे त्याचा तिसरा डोस झाला. या वेळी रिपोर्टमध्ये आकडा होता. लहानसाच, पण होता.

"यावर विसंबून राहू नका," बाईंनी बजावलं. "मास्क सोडायचा नाही. ताप आला तर लगेच फोन करा, थांबायचं नाही. औषध वेळेत सुरू झालं तर खूप फरक पडतो."

तो दुकानात परतला, पण मागच्या खोलीत. काचा घासायचं मशीन त्यानं खिडकीशी ओढून घेतलं. गिऱ्हाइकांची तोंडं भावाच्या वाट्याला, भिंगं याच्या. पुढं कुणी खोकलं की त्याचा हात थबकायचा. श्वास रोखून तो मागच्या दारानं बाहेर जायचा, गल्लीत येरझाऱ्या घालायचा.

"दादा, गेले ते!" भाऊ आतून हाक मारायचा.

मग तो आत यायचा, हात धुवायचा, आणि अर्धवट घासलेलं भिंग पुन्हा मशीनच्या दगडाला लावायचा.